थायरिस्टर कंट्रोलर बिघडल्यावर: जागेवर निदान, राखीव युनिट की घाटावरची दुरुस्ती?

कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यातील ज्या काजू कारखान्यांत काजूगर विजेच्या ड्रायरमध्ये सुकवले जातात आणि ड्रायरचे तापमान थायरिस्टर पॉवर कंट्रोलर (थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचने हीटरची वीज कमी-जास्त करणारे युनिट) राखतो, तेथे हा कंट्रोलर कधी तरी ऐन हंगामात दगा देणार हे गृहीत धरूनच सोय करावी लागते. मालकापुढे तीन मार्ग असतात: आपल्याच वायरमनकडून मीटर लावून जागेवर दोष शोधून घेणे, एक अख्खे युनिट राखीव ठेवून बिघडलेल्याच्या जागी बसवणे, किंवा बिघडलेले युनिट घाटावर, कोल्हापूर-पुण्याकडे, दुरुस्तीला धाडणे.

तिसऱ्या मार्गाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. थायरिस्टरच्या गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या टोकाला, पल्स देणारे कार्ड दुरुस्त करायचे तर ते काम तेथेच नीट होते, हे खरे. परंतु पावसाळ्यात करूळ किंवा आंबोली घाटात दरड कोसळली की पार्सल अडकते, आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यापुढे फक्त डबा असतो. हीटर, केबल, टर्मिनल यांतले काहीच त्याला दिसत नाही. दोष बाहेर असेल तर युनिट ‘ठीक आहे’ अशा चिठ्ठीसह परत येते.

राखीव युनिटाचा मार्ग सर्वांत आकर्षक वाटतो, कारण तासाभरात ड्रायर पुन्हा सुरू होतो. मात्र निदान न करता केलेली बदली आपल्या किनाऱ्यावर विशेष महागात पडते. नळीच्या हीटरमध्ये तार आणि आवरण यांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात ड्रायर काही आठवडे बंद राहिला की या हीटरचे इन्सुलेशन उतरते, आणि गणपतीनंतर एकदम पूर्ण व्होल्टेज दिले की अर्थ फॉल्ट होऊन (करंट आवरणातून जमिनीकडे जाऊन) फ्यूज जातो, कधी थायरिस्टरही शॉर्ट होतो. अशा वेळी नवे युनिट बसवून स्विच टाकला, तर तेही त्याच वाटेने जाते. गेलेल्या सेमीकंडक्टर फ्यूजच्या (थायरिस्टर वाचवणाऱ्या अतिजलद फ्यूजच्या) जागी साधा, सावकाश वितळणारा एचआरसी फ्यूज घातला असेल तर विचारायलाच नको, कारण तो वितळेपर्यंत थायरिस्टर आधीच गेलेला असतो. म्हणून बदलीपूर्वी हीटरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावणे आवश्यक आहे. मात्र त्याआधी कंट्रोलरच्या तारा सोडवून घ्याव्यात, नाहीतर मेगरच कार्डाचा बळी घेतो.

जागेवरचे निदान वाटते तितके अवघड नाही. कंट्रोलरचे आउटपुट हाताने 100 टक्क्यांवर ठेवून तिन्ही लाइनचे करंट क्लॅम्प मीटरने मोजले, की निम्मे काम होते. डेल्टा जोडणीत (तीन हीटर त्रिकोणात जोडलेले) एकच हीटर तुटला असेल, तर एका लाइनचा करंट पूर्वीइतकाच राहतो आणि उरलेल्या दोन लाइनचे सुमारे 58 टक्क्यांवर येतात. एक अख्खी लाइनच गेली असेल, तर तिच्यात शून्य आणि बाकी दोघींत सुमारे 87 टक्के दिसतात. पहिल्या स्थितीत कंट्रोलरला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या स्थितीत आधी फ्यूज पाहावा, मग लग (तारेच्या टोकाची धातूची जोडपट्टी). खाऱ्या हवेने हिरवी पडलेली लग पुष्कळदा तेथेच सापडते. क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस (तरंगाचा आकार बिघडला तरी खरा करंट दाखवणारा) असावा, कारण फेज अँगल पद्धतीत, म्हणजे प्रत्येक अर्ध्या तरंगाचा काही भागच पुढे सोडला जातो तेव्हा, तरंग कापलेला असतो आणि साधा मीटर करंट कमी दाखवतो.

सिंगल फेज हीटरची उष्णता निम्मी झाली, तर त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर डीसी रेंजमध्ये लावावा. उलटसुलट जोडलेल्या दोन थायरिस्टरपैकी एक चालू होत नसेल, तर 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे 100 व्होल्ट डीसी दिसते. दोन्ही ठीक असतील तर जवळपास शून्य.

सर्वांत फसवे मोजमाप व्होल्टेजचे असते. एका कारखान्यात वायरमनने मला बोलावून दाखवले, “सिग्नल काढलंय, तरी दोनशे व्होल्ट दाखवता हा,” आणि थायरिस्टर शॉर्ट झाल्याचे ठरवून युनिट उतरवायला तो तयारही झाला होता. प्रत्यक्षात त्या फेजचा हीटर तुटलेला होता. थायरिस्टर बंद असला तरी त्याच्या स्नबरमधून (त्याला समांतर जोडलेल्या संरक्षक कपॅसिटर-रेझिस्टरमधून) किंचित करंट झिरपतो आणि लोड नसेल तर मीटर तोच भरघोस व्होल्टेज म्हणून दाखवतो. मेन स्विच बंद करून हीटरच्या तारा सोडवल्या, आउटपुट आणि न्यूट्रलमध्ये 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावला आणि स्विच पुन्हा टाकला. बल्ब काळाच राहिला. तो पेटला असता तर थायरिस्टर खरोखरच शॉर्ट होता. झिरपणाऱ्या या करंटमुळेच, कंट्रोलरचा सिग्नल शून्य केला म्हणजे हीटरची टोके मृत झाली, असे कधीही समजू नये.

या मार्गालाही मर्यादा आहे. दोष अधूनमधून येतो-जातो किंवा गेट पल्स कमजोर वाटतो, तेथे ऑसिलोस्कोपशिवाय (तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) वायरमनने कार्डावर सोल्डरिंग आयर्न चालवू नये. तेथून पुढे राखीव युनिट आणि घाटावरची दुरुस्ती ही जोडीच योग्य.

एकच ड्रायर असेल तर मी आधी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर, मेगर आणि योग्य रेटिंगच्या सेमीकंडक्टर फ्यूजचे दोन संच घेईन, आणि राखीव युनिटाचा विचार त्यानंतर करीन. दोन-तीन ड्रायरवर एकच मॉडेल चालत असेल, तर मात्र राखीव युनिट पहिल्या वर्षीच घ्यावे, आणि ते गोदामात बारदानाखाली न टाकता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावे.