उंच केलेल्या जुन्या जीपसाठी कॅस्टरच्या पोलादी पाचरी

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपला लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) लावून पुढून उंची वाढवली, की स्टिअरिंग जरासे हलवले तरी गाडी एका अंगाला धावते आणि वळण संपल्यावर चाके आपणहून सरळ होत नाहीत. अशा वेळी बरेच मेकॅनिक स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देतात. त्याने स्टिअरिंगचा ढिला खेळ तेवढा कमी वाटतो, पण बॉक्स जड होऊन आतून लवकर झिजतो. खरा दोष कॅस्टरमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याच्या मागे कललेल्या कोनात, असतो. या गाडीचा मूळ कॅस्टर ३ अंशांचा असून, पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल पुढच्याच टोकाला असल्यामुळे ते लांबवताच पाट्याचे तोंड खाली झुकते, अ‍ॅक्सलचा माथा पुढे कलतो आणि मुळातच थोडका असलेला कॅस्टर जवळजवळ नाहीसा होतो.

मी घेतलेल्या ४ अंशांच्या पोलादी पाचरी पाटे आणि अ‍ॅक्सलची बैठक यांच्यामध्ये बसतात. त्या बसवल्यावर वळणानंतर स्टिअरिंग हातातून सैल सोडले तरी चाके मध्यावर येऊ लागली आणि महामार्गावर सतत दुरुस्ती करत राहण्याचा जाच संपला. अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी स्वस्त मिळतात, पण भाराखाली त्या चेपतात किंवा तडकतात, त्यामुळे तिथे काटकसर करू नये. पाट्यांची रुंदी पावणेदोन इंच आहे. तेवढ्याच रुंदीची पाचर मागावी.

मात्र स्टिअरिंगच्या जोडणीतली बेल क्रँकची पिन, टाय रॉडची टोके किंवा चाक ज्यावर वळते त्या किंगपिनची बेअरिंगे झिजलेली असतील, तर पाचरीवर पैसे घालण्याआधी ती कामे उरकावीत. उंचीमुळे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून बेल क्रँककडे जाणारा दांडा) तिरकी झाली असेल, तर खड्ड्यात चाक आपटताच स्टिअरिंगला बसणारा हिसका पाचरीने जात नाही. माझ्या गाडीत तो अजून आहे. शिवाय अ‍ॅक्सल मागे कलला की पिनियनचे (प्रोपेलर शाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडला जातो त्या दांड्याचे) तोंड खाली जाते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, ताण येतो, म्हणून ६ अंशांची पाचर घेण्याचा मोह मला अनाठायी वाटतो.

तक्रार एवढीच, की पाचरीच्या जाडीमुळे पाट्याच्या पात्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब लागतो आणि तो जोडीसोबत दिलेला नव्हता. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र थोडे अंतर गाडी चालवल्यावर पुन्हा आवळावेच लागतात.