घडीचा रॅम्प: घ्या, पण आधी पायरी मोजा

मी व्हीलचेअर वापरते आणि पुण्यातल्या जुन्या वास्तू बघायची मला मनापासून ओढ आहे. म्हणून ॲल्युमिनियमचा सहा फुटी घडीचा रॅम्प घेतला. घडी घातली की तीन फुटांचा होतो, मूठ धरून उचलता येतो, गाडीच्या डिकीत मावतो. उचलायला मात्र धडधाकट माणूस लागतो. माझं ते काम माझा भाऊ करतो.

दुकानदार तीन फुटीच पुढे करत होते. हलका, स्वस्त, 'सगळे हाच नेतात'. पण उताराचा साधा हिशेब आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट लागतातच. त्याच पायरीला तीन फुटी लावला तर चढ दुप्पट खडा होतो, आणि उतरताना खुर्चीतून पुढे फेकलं जायची भीती.

जुन्या दगडी फरशीवर त्याची खरी परीक्षा होते. घरच्या गुळगुळीत पायरीवर कड चपखल बसते. झिजलेल्या, उंचसखल दगडावर एक कोपरा अधांतरी राहतो आणि रॅम्प डुगडुगतो. आम्ही खाली रबरी पायपुसणं घालतो, मग हलत नाही. पावसाळ्यात ओल्या दगडावर मी वापरणार नाही.

तरीही वास्तूंसाठी मला हाच प्रकार योग्य वाटतो. पाताळेश्वर लेणं आठव्या शतकात अखंड कातळात कोरलेलं. तिथे सिमेंट ओतणं कुणालाच रुचणार नाही. हा ठेवला, उचलला, दगडाला ओरखडा नाही.

शनिवारवाड्याच्या तटावर मात्र जिनाच आहे, तिथे कुठलाच रॅम्प पुरा पडत नाही. 1828 च्या आगीनंतर आत मुख्यतः जोतीच उरली, त्यामुळे वरून दिसणारा आराखडा फार मोलाचा. त्याची हाताने चाचपता येईल अशी प्रतिकृती खाली ठेवली, तर माझ्यासारख्यांना आणि दृष्टिहीनांनाही वाडा कळेल. आणि असा रॅम्प प्रत्येक वास्तूच्या तिकीटखिडकीपाशीच हवा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पाहुण्यांनी घरून का वाहून आणावा?

माझ्याकडून पाचापैकी चार. घेताना दोन्ही कडांना उंच पट्टी आहे ना, ते बघा. चाक त्यामुळेच बाहेर घसरत नाही. वजनाची मर्यादा खुर्चीसकट धरा. इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर हे आधी विचारा.