‘केंबोरा’चा चीक म्हणून ५,४०,५०० रुपये घेतले, असं झाडच कुठे नाहीये

ज्यांचा छोटा एक्स्पोर्टचा धंदा आहे त्यांनी हे वाचाच. माझं हळद-गुळाचं काम आहे. ऑनलाइन ओळख काढून एक बाई बोलायला लागली, म्हणे इंग्लंडच्या औषध कंपनीत परचेस मॅनेजर आहे, जनावरांच्या लसीसाठी केंबोरा नावाच्या झाडाचा चीक लागतो, तो फक्त ईशान्येकडच्या जंगलात मिळतो, कंपनी लिटरला १,७५,००० देते, तिकडचा सप्लायर ८६,००० ला विकतो, पण कंपनीला थेट घेता येत नाही म्हणून मध्ये भारतातला एक्स्पोर्टर पाहिजे. पुढचं तुम्हाला माहितीच असेल. सप्लायरचा नंबरही तिनेच दिला. घेणाराच विकणाऱ्याचा नंबर देत असेल तर तिथेच फोन ठेवा.

आता सगळे म्हणतात, एवढी वर्षं धंद्यात असून कसा फसलास. अहो, हिंग म्हणजे तरी काय, झाडाच्या मुळाचा चीकच ना? चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीचा अर्क नागीण या त्वचेच्या आजाराच्या लसीत खरोखर वापरतात, हे मी पैसे देण्याआधी शोधून वाचलं होतं. मग केंबोरा का खोटं वाटावं? वेबसाइट होती, बिलावर जीएसटी नंबर होता. तो नंबर भलत्याच हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की नाव दिसतं, फुकट आहे, पैसे देण्याआधी टाका.

आधी सॅम्पलची एक बाटली, ८६,०००. सील तोडलं तर माल रिजेक्ट होईल असं बजावलेलं, पण कुरिअरमध्ये झाकणातून थोडं पाझरलं होतं, ते माझ्या बोटांना लागलं आणि मी नळाखाली हात धरला तर एका क्षणात साफ. तो क्षण डोक्यातून जात नाही. आमचं मूळ गाव कोकणातलं, फणस फोडताना हाताला आधी तेल लावायचं हे लहानपणापासून माहीत, चीक पाण्याने जात नाही, हवेत घट्ट होतो, कपड्यावर डाग पडतो तो राहतोच. आणि हे पाण्यासारखं पातळ, वास नाही, चिकटपणा नाही! बायको तेव्हाच म्हणाली, हे रंगाचं पाणी दिसतंय. पण लगेच मुंबईत हॉटेलच्या लॉबीत एक परदेशी माणूस इन्स्पेक्शनला आला, टॉर्च मारून बाटली बघितली, पास म्हणाला, मोठी ऑर्डर पक्की. त्यांचा माणूस पास म्हणतोय तर मी कशाला शंका घेऊ?

मग पाच बाटल्यांचे ४,३०,०००. मग लॅब क्लिअरन्स म्हणून २४,५००. मग दोन्ही फोन बंद.

आणि खरा संताप पुढे आहे. पोलीस ठाण्यात म्हणाले, तुम्ही माल घेतलात, पैसे दिलेत, हा दिवाणी व्यवहार. खोटी कंपनी, खोटं झाड, खोटा जीएसटी नंबर, आणि हा व्यवहार?? मग म्हणाले खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो तक्रार नोंदवावी लागते, हे मी त्यांना मोबाइलवर काढून दाखवलं, तर साहेब मीटिंगला गेले. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना आहे, तुम्हाला नाही. समोरच्या खात्यात ११,२४० रुपये गोठवलेत, तेही कोर्टाची ऑर्डर आणल्यावर मिळणार, असं बँक म्हणाली. केवायसी करून ते खातं कोणी उघडलं ते विचारलं तर गोपनीय! माझे पैसे गेले आणि चोराची माहिती गोपनीय.

पैसे गेल्याचं कळलं की ठाण्यात जायच्या आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत. झाडाचं शास्त्रीय नाव लंडनच्या क्यू गार्डन्सच्या साइटवर तपासा. नाव, बाटलीचा रंग, लसीची गोष्ट बदलून हेच चालू असणार.

माझ्याकडे पैसे पाठवल्याचे यूटीआर (बँक व्यवहाराचे) नंबर, कुरिअरची पावती, सगळे चॅट आहेत आणि एक बाटली अजून न फोडलेली आहे. कोणाला असाच चीक किंवा तेल विकलं असेल तर मेसेज करा, दोघा-तिघांची तक्रार एकत्र गेली तर निदान दिवाणी म्हणून हाकलणार तरी नाहीत.