सायकलने ऑफिस की नळ स्टॉपपर्यंत पायी?

व्यायामाला वेगळा वेळ निघत नाही, तेव्हा तो ऑफिसच्या जाण्यायेण्यातच उरकावा, असं ठरवलं की पुण्यात दोन गोष्टी सुचतात. मी दोन्ही केल्या. घर पौड रोडला, ऑफिस पुणे स्टेशनजवळ. आधी आठ महिने सायकल. नंतर मेट्रो, पण घराजवळच्या आनंदनगर स्टेशनला न चढता आयडियल कॉलनीचं स्टेशनही मागे टाकून नळ स्टॉप स्टेशनपर्यंत चालत.

दम लागण्यात सायकल सरस आहे, यात वाद नाही. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसचे चार मजले चढताना फरक जाणवला. वेळही मेट्रोइतकाच लागायचा, कधी कधी कमीच. घामाचं म्हणाल तर जादा शर्ट आणि नॅपकिन बॅगेत टाकला की भागतं. पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ उठते, तिचीही सवय होते.

सवय झाली नाही ती सोसायटीच्या पार्किंगची. सायकल भिंतीला लावलेली आणि तिच्यापुढे रोज दोन स्कूटर, हॅन्डल लॉक करून. पुढची स्कूटर मागून उचलून सरकवायची, दुसरीचा आरसा सायकलच्या ब्रेकच्या वायरीत अडकलेला तो सोडवायचा, तेवढ्यात चेन पॅन्टला घासायची. एकदा चौथ्या मजल्यावरच्या काकांना किल्लीसाठी उठवलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा महिनाभर लिफ्टमध्येही काही बोलले नाहीत. सात किलोमीटर सायकल मारायला माझी कधीच ना नव्हती. ती बाहेर काढायच्या विचारानेच अंथरुणात पाय जड व्हायचे. मग 'आज रिक्षाने जाऊ', मग उद्याही.

चालण्याला काही काढावं लागत नाही. चपला घातल्या की निघालो. फुटपाथ धड नाहीत. उखडलेले ब्लॉक, वडापावची गाडी, फुटपाथवरूनच हॉर्न देणारे दुचाकीवाले, सगळं आहे. तरी मला नळ स्टॉपपर्यंत बावीस मिनिटं लागतात. येताना तेवढीच, म्हणजे पाच दिवसांची २२०. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अटही २०२० च्या मार्गदर्शनात राहिली नाही, त्यामुळे स्टेशनचे जिनेही हिशोबात येतात. घाम आलाच तर मेट्रोच्या एसीत शर्ट वाळतो. परतताना मेथीची जुडी घेता येते. सायकलच्या हॅन्डलला पिशवी अडकवली की ती गुडघ्याला आपटत राहते.

आता तुमचं पार्किंग ऐसपैस असेल, किंवा सायकल दारापर्यंत नेता येत असेल, तर माझं सगळं बोलणं सोडून द्या आणि सायकलच घ्या. गुडघे कुरकुरत असतील तरी बऱ्याच जणांना तीच सोपी जाते म्हणतात. अर्थात आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी एक महिना चालून बघायला हरकत नाही, पैसे तर लागत नाहीत.

सायकल मी विकलेली नाही. परवाच्या दसऱ्याला हार घालायला बाहेर काढली, तेव्हा तीन स्कूटर हलवाव्या लागल्या.