थंडीत वॉटर पंपाखाली थेंब दिसले म्हणून लगेच पंप बदलू देऊ नका

हिवाळ्यात केळी, द्राक्षं, कांदा भरून जम्मू-काश्मीरकडे गाड्या पाठवणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं आणि आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवावं. जानेवारीत आमच्या गाडीची जी फसवणूक झाली, ती पैशांपुरती असती तर कदाचित लिहिलं नसतं. वाटेतल्या एका गॅरेजच्या माणसांनी भर थंडीत घाटात जाणाऱ्या गाडीच्या इंजिनात कूलंटऐवजी, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या आणि थंडीत न गोठणाऱ्या द्रवाऐवजी, रंगवलेलं पाणी भरून दिलं.

गाडी सावद्याहून केळी भरून श्रीनगरच्या परिमपोरा मंडीकडे निघाली होती. पुढे रामबनच्या बाजूला रस्ता बंद असल्याने उधमपूरजवळ गाड्यांची लांब रांग लागलेली. काश्मीरमध्ये तेव्हा चिल्लई कलान चालू होता, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे सर्वात कडाक्याचे चाळीस दिवस. आमचे तात्या जुने ड्रायव्हर, या रस्त्याला नवखे नाहीत. पहाटे रांगेतून बॅटरी घेऊन एक पोरगा फिरत होता. प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचा. आमच्या गाडीशी थांबला आणि म्हणाला, "उस्ताद, वॉटर पंप गया. पानी टपक रहा है."

थेंब खरोखर पडत होते, इंजिनात पाणी खेळवणाऱ्या त्या पंपाच्याच बाजूने. शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री आला. पंपाची सील गेली, चढावर इंजिन तापून सीझ होईल म्हणजे जाम होईल, इंजिनाच्या हेडसकट खर्च येईल, असं त्याने सांगितलं. तात्यांनी मला फोन लावला. "शेठ, थेंब तर दिसतायत. रस्ता कधी सुटेल सांगता येत नाही, माल नाजूक आहे." केळीला १३ अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, साल काळवंडते. गाडी मध्येच बंद पडून रात्र उघड्यावर काढावी लागली तर मालाचं काय, हे त्या मिस्त्रीला आमच्याइतकंच ठाऊक होतं. नवा पंप, गॅस्केट, वीसेक लिटर कूलंट आणि मजुरी धरून साडेअकरा हजार मागितले. मी फोनवरून पाठवले. नव्या पंपाच्या खोक्याचा फोटोही मागवून घेतला, त्याचा पुढे उपयोग झाला.

खोलाखोलीच्या वेळी तात्यांना चहाला पाठवलं. परत येईपर्यंत पंप बसलेला होता, चकचकीत चंदेरी. थेंब बंद.

रस्ता सुटला, गाडी बोगदा ओलांडून काझीगुंडला पोचली आणि रात्री तिथेच थांबवावी लागली. सकाळी स्टार्टर मारताच बेल्ट किंचाळला, रबर जळल्याचा वास आला. तात्यांनी तत्काळ इंजिन बंद केलं म्हणून पुढचं टळलं. आत पाण्याचा बर्फमिश्रित चिखल झाला होता, पंपाचा पंखा त्यात अडकून फिरत नव्हता. ऊन आल्यावर बर्फ वितळला, तेव्हा ब्लॉकच्या बाजूला बसवलेली पत्र्याची एक गोल टोपी बाहेर ढकलली गेल्याचं दिसलं. तिथून धार लागली होती. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. जागा मिळाली नाही तर ते लोखंडही फोडतं. रेडिएटर रिकामा केला तरी ब्लॉकमध्ये आमचं जुनं कूलंट थोडं उरलं होतं. त्यामुळे पाण्याचा पुरता दगड झाला नाही, नाहीतर ब्लॉकच तडकला असता.

काझीगुंडच्या मिस्त्रीने पंपावर पेचकस घासला. चंदेरी रंगाखाली जुना रंग आणि गंज निघाला. माझ्याकडच्या फोटोतल्या खोक्यावरचा नंबर आणि पंपाच्या ओतकामावरचा नंबर जुळेना. म्हणजे आमचाच पंप पुसून, रंगवून परत लावलेला, खोकं फक्त दाखवायला. मग त्याने पंपाच्या वरच्या होजचा, म्हणजे रबरी नळीचा, आवळपट्टा (क्लॅम्प) दाखवला. बाकी सगळे क्लॅम्प मातीने माखलेले, या एकाच्या स्क्रूवर ताजे ओरखडे. मूळ गळती तिथली होती. खरं काम एवढंच झालं होतं, अर्धा फेरा आवळण्याचं.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण फसवणारे याच गोष्टीवर जगतात. थंडीत रबरी होज कडक होतो, रबर आणि धातू सारखे आकसत नाहीत, आणि जुन्या क्लॅम्पची पकड ढिली पडते. इंजिन गार असताना थेंब येतात, गरम झालं की जोड पुन्हा घट्ट बसतो आणि थेंब थांबतात. होजवरून ओघळलेलं पाणी पंपाच्या अंगावरूनच खाली येतं, म्हणून बघणाऱ्याला पंप गळतोय असं वाटतं. पंपाची सील खरोखर गेली असेल तर पाणी पंपाच्या पोटाखाली मुद्दाम ठेवलेल्या बारीक भोकातून येतं. त्या भोकाशी वाळलेला डाग असणं किंवा कडाक्याच्या थंडीत पहिल्यांदा सुरू करताना एखादा थेंब येणं यावरून पंप बाद ठरत नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही तिथून गळत राहिलं, पुली हाताने हलवून खेळ जाणवला किंवा बेअरिंगचा आवाज आला, तर पंप बदलायलाच हवा, तिथे काटकसर करू नये. ते भोक सीलंटने बुजवून "गळती बंद केली" म्हणणाराही भेटेल. त्याला हात लावू देऊ नका. बाहेर न पडणारं पाणी मग थेट बेअरिंगमध्ये जातं.

म्हणून आधी पंप आणि होज कापडाने कोरडे पुसा, आणि पहिला ओलावा कुठे उगवतो ते बॅटरीने बघा. बेल्टपासून हात लांब ठेवा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. ज्याच्याकडे प्रेशर लावून तपासायचा हातपंप आहे तो मिस्त्री गार इंजिनावरही गळतीची जागा दाखवू शकतो.

कूलंटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. आम्ही सावद्यालाच निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी असं भरून पाठवलं होतं. ते मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि पंपाच्या सीलला वंगण मिळतं, गंजही धरत नाही. त्या लोकांनी ते कॅनमध्ये काढून स्वतःकडे ठेवलं आणि आम्हाला हिरवं पाणी दिलं. तात्यांनी त्यातलं थोडं बाटलीत आणलं होतं. घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलं तर सकाळी ते ठणठणीत बर्फ. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची बाटली तशीच ठेवा, पातळच राहील. गाडी निघण्याआधी हे करून बघण्यासारखं आहे. विकत घेताना डब्यावर आयएस ५७५९ हा कूलंटच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा. पंपाचं काम करायचंच असेल तर निघालेलं कूलंट आपल्या स्वच्छ कॅनमध्ये आपल्यासमोर काढून घ्या. ते चांगलं असेल तर पुन्हा वापरता येतं. जुना पंप हातात मागून घ्या. आम्ही जुना पंप मागितला असता तर त्यांच्याकडे द्यायला तो नव्हताच.

तोच "बाद" पंप काझीगुंडला नव्या गॅस्केटसह बसवला, आणि लासीपोऱ्याच्या कोल्ड स्टोअरमधून सफरचंद भरून गाडी परत आली. पंप अजून चालू आहे. केळीचा माल मात्र थंडीने काळा पडला, व्यापाऱ्याने भाव पाडला.

त्या गॅरेजचा फोन लागत नाही. दिलेली चिठ्ठी कच्ची, जीएसटी नंबर नाही, पैसे गेले ते कुणा भलत्याच्या खात्यात. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना पहिल्यांदा बिलच विचारतात. पैसे परत आलेले नाहीत.

सावदा, फैजपूर, रावेरकडून ज्यांच्या गाड्या या दिवसांत वर जाणार आहेत, त्यांनी निघण्याआधी सगळे होज-क्लॅम्प आवळून घ्या, आणि ड्रायव्हरकडे एक जादा क्लॅम्प, पेचकस आणि चांगल्या कूलंटचा सीलबंद कॅन द्या.