सुनपातीचा धूप: दहा महिने वापरल्यावर

गेल्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये लांगटांगला गेले होते. क्यांजिन गोम्पाला ज्या घरी उतरलो, तिथल्या दिदी पहाटे चुलीतले निखारे काढून त्यांवर धुपीची (जुनिपरची) हिरवी डहाळी आणि सुकी पानं टाकायच्या. ती पानं सुनपातीची. येताना पाव किलो आणली, आणि तेव्हापासून संध्याकाळी देवापुढे तीच जाळते.

सुनपाती लालीगुरांसाच्याच, म्हणजे लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्याच कुळातली. लालीगुरांसाचा चांगला मोठा वृक्ष होतो. ही मात्र मांडीच्या वर क्वचितच जाते. झाडं संपतात तिथे, ३,००० ते ५,००० मीटरवर, हिचे गालिचे पसरलेले असतात. मे-जूनमध्ये पिवळट-पांढरी, कधी गुलाबी झाकेची फुलं येतात. मला ती पाहायला मिळाली नाहीत, याची हुरहूर आहे. पान बोटाच्या पेराएवढं, वरून हिरवं, खालून तपकिरी खवल्यांनी भरलेलं. चुरडलं की हात धुतल्यावरही बोटांना वास राहतो.

जाळताना सुरुवातीला माझं चुकत होतं. लालभडक निखाऱ्यावर पान भसकन पेटतं आणि नुसता करपट धूर होतो. गोवरीच्या निखाऱ्यावर राख धरू द्यायची, मग पानं ठेवायची. कडा हळूहळू वळतात आणि पांढरा, बारीक धूर निघतो. उदाइतका जड नाही. गोडसर, थोडा कापराकडे झुकणारा. डास मात्र याने जात नाहीत. आणि कोणताही धूर तो धूरच. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे खिडकी उघडी ठेवते.

मध्यंतरी ऑनलाइन एक पुडा मागवला होता. पूड आली, तिला अत्तराचा वास! टाकून दिली. अख्खी पानं असतील आणि खालची बाजू तपकिरी दिसत असेल, तरच घ्या.

तिकडे सर्दीला या पानांचा चहा देतात. दिदींच्या हातचा मीही प्यायले, पण घरी करत नाही. या कुळातल्या बऱ्याच झाडांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं; त्याने उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ओळखीच्या जाणत्या माणसाशिवाय हा प्रयोग करू नका.

जुलैत डब्यात ओल शिरली आणि निम्म्या पानांना बुरशी आली. फार जिवाला लागलं, कारण त्या थंडीत हे झुडूप किती सावकाश वाढतं ते तिथे ऐकलं होतं. आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवते. पहिल्या महिन्यात मूठ मूठ टाकायचे, आता चार पानं मोजून टाकते. देवघर भरायला तेवढी पुरतात.