दातांच्या तारांमधले मिनी स्क्रू: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव (सोलापूर)

उजव्या बाजूचा स्क्रू सुटला आणि दुसरा बसवायचे पूर्ण पैसे पुन्हा मागितले गेले, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. माझ्या थोरल्या मुलीच्या वरच्या जबड्यात दोन मिनी स्क्रू (दात ओढायला आधार म्हणून हाडात बसवतात ते बारीक स्क्रू) बसवले, त्याला आता वर्ष होत आलं. तारा, ब्रॅकेट, रंगीत रबर याबद्दल बहुतेकांना माहिती असते, त्यात वेळ घालवत नाही. स्क्रूबद्दल मात्र पैसे भरण्याआधी कुणी नीट सांगत नाही, आणि अशा केसमध्ये निम्मा निकाल त्याच्यावरच ठरतो.

केस अशी. वय पंधरा, वरचे पुढचे दात बाहेर, ओठ सहज मिटत नव्हते. वरच्या दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ (सुळ्याच्या लगेच मागचा दात) काढली. प्रत्येक बाजूला साधारण ७ मिलिमीटर जागा झाली. ही जागा पुढच्या दातांनी मागे येऊन भरायची. पण त्यांना ओढायचं तर मागे कशाला तरी धरून ओढावं लागतं, आणि मागे असते दाढ. पुढचे दात जेवढ्या जोराने मागे ओढाल, तेवढाच जोर दाढेला पुढे ओढतो. विहिरीतून जड पोहरा ओढताना काठावरचा माणूसच आत घसरावा, तसं. दाढ पुढे आली तरी जागा भरतेच. दात सरळही दिसतात. चेहरा मात्र होता तसाच राहतो. माझ्या भाचीच्या तारा स्क्रूशिवाय झाल्या. जागा बंद झाली, पण ओठ आजही पुढेच आहेत. तिच्या आईने कबूल केलेले सगळे पैसे भरले होते.

डॉक्टर या धरण्याला अँकरेज म्हणतात. पूर्वी त्यासाठी डोक्यामागून पट्टा लावायचे, तो मुलांनी घरी तासन्‌तास घालायचा. स्क्रूचं काम सोपं आहे: दाढेऐवजी थेट हाडाला धरून ओढायचं. आमचा स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, दीड मिलिमीटर जाड आणि ८ मिलिमीटर लांब, दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मुळांमध्ये हिरडीतून बसवलेला. जागेपुरती भूल दिली, काम दहा मिनिटांत झालं. त्या रात्री तिने एक गोळी घेतली, नंतर मागितली नाही. स्क्रूला धरून पुढचे दात मागे ओढणारी स्प्रिंगही त्याच दिवशी लावली. दात कायमचा बसवण्यासाठीच्या इम्प्लांटसारखं महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही, कारण हा स्क्रू हाडाशी पूर्ण जुळायची वाट बघायची नसते. तो फक्त हाडात घट्ट आवळून बसतो. म्हणून काढायलाही सोपा, आणि म्हणूनच कधीकधी सुटतोही.

सुरुवातीला मला हे स्क्रू म्हणजे बिल वाढवायचा प्रकार वाटायचा. एका स्क्रूला तीन हजार, दोन म्हणजे सहा, आणि तेही पॅकेजच्या बाहेर. माझं ते मत सहा-सात महिन्यांनी बदललं. डॉक्टरांनी तिच्या दातांचा सुरुवातीचा साचा आणि नवा साचा शेजारी ठेवून दाखवले. डावीकडे दाढ जवळजवळ जागची हललेली नाही, जागा मात्र निम्म्याहून जास्त भरलेली. म्हणजे पुढचे दात खरोखर मागे आले होते. मुलगी आता ओठ ताणून न मिटता फोटो काढते. सहा हजारांत मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर हे, आणि आज कुणी विचारलं तर मी सांगेन, उपदाढ काढायची असेल आणि पुढचे दात खूप बाहेर असतील तर स्क्रूवर काटकसर करू नका.

आता उजवीकडचं. बसवल्यावर काही आठवड्यांत तो जिभेला हलतोय असं ती म्हणू लागली. अपॉइंटमेंटला गेलो तर तो चिमट्याने सहज निघाला. लगेच कारण ऐकवलं: कडक भाकरी खाल्ली असणार. तिथे मी चिडले. सोलापूरच्या कुठल्याही घरात कडक भाकरी असतेच, पण आमच्याकडे तारा लावल्यापासून ती आमटीत कुस्करून, पूर्ण भिजवूनच तिच्या ताटात जाते. आणि कडक भाकरीने ब्रॅकेट निघतो, तार वाकते, ते मला मान्य आहे. स्क्रू दातांच्या चावायच्या जागेवर नसतो, वर हिरडीत असतो. मग भाकरीवर खापर का?

घरी येऊन वाचायला बसले. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवून दात ओढून पाहिले होते. सगळे स्क्रू महिन्याभरात सुटले. माणसांमध्ये १९८३ साली क्रीकमोर आणि एकलंड यांनी एका रुग्णात तो यशस्वी करून दाखवला, आणि १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी फक्त १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरला. तिथून आजचा प्रकार रुळला. म्हणजे सुटणं हा या साधनाचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. २०१२ साली पापागिओर्गिऊ आणि सहकाऱ्यांनी आधीचे ५२ अभ्यास एकत्र केले: २,२८१ रुग्ण, ४,९८७ स्क्रू, आणि निकामी झालेले १३.५ टक्के. सात-आठांत एक. खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा जास्त. दाताच्या मुळाला टेकला किंवा भोवतीची हिरडी सुजली तर धोका वाढतो.

माझा सगळा राग याच आकड्यावर आहे. सात-आठांत एक स्क्रू सुटतो हे बसवणाऱ्याला माहीत असतं. मग सुटला तर दुसऱ्याचे पैसे किती, हे कोटेशनमध्ये पहिल्याच दिवशी का नसतं? मी हे काउंटरवर शांतपणे विचारलं. उत्तर आलं, 'मॅडम, मटेरियल कॉस्ट आहे.' मटेरियलचे घ्या, हरकत नाही, पण बसवण्याची फी दुसऱ्यांदा का? शेवटी पूर्ण तीन हजार घेतलेच. नवीन स्क्रू जुन्या भोकात बसत नाही, थोडा पुढे सरकवून बसवला, आणि मधल्या काळात उजवी बाजू थांबली. दात महिन्याला जेमतेम १ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे हे थांबणं महागात पडतं. दुसरा स्क्रू मात्र अजून घट्ट आहे. डॉक्टरांच्या हातात दोष आहे असं मी म्हणत नाही. काउंटरवरच्या व्यवहारात आहे.

स्क्रू टिकवायला घरी काय केलं, ते सांगते. त्याच्याभोवती शेंगाच्या चटणीचा भरड चुरा अडकतो आणि संध्याकाळपर्यंत हिरडी लाल होते. हिवाळ्यात हुरड्याने तोच त्रास. चटणी बंद करणं आमच्या घरात शक्य नाही, म्हणून ती दह्यात कालवून, आणि जेवल्यावर लगेच लहान मुलांच्या मऊ ब्रशने स्क्रूचं डोकं हलक्या हाताने साफ करायचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तरी याच्यासाठी एक तांब्या बाजूला ठेवतोच. डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिन माउथवॉश सुरुवातीचे काही दिवस वापरला. तो जास्त दिवस चालवला तर दातांवर डाग पडतात.

धाकट्याबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे याच डॉक्टरांनी माझे पैसे वाचवले. त्याचा खालचा जबडा मागे. तो नऊ वर्षांचा असताना दुसऱ्या एका ठिकाणी लगेच ट्विन ब्लॉक सुरू करा म्हणाले होते. वर-खाली दोन प्लेट, त्यावर उतरते ठोकळे, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये हे बनवलं. आमचे डॉक्टर म्हणाले, थांबा. ब्रिटनमध्ये आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर याच ट्विन ब्लॉकची तुलना करून पाहिली होती. २००३ पासून त्याचे निकाल येत गेले: लवकर सुरू केल्याने दात लगेच आत येतात, पण पुढे सगळी ट्रीटमेंट संपल्यावर उशिरा सुरू केलेल्या मुलांपेक्षा फारसा फायदा उरत नाही. पडून पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होतो, हा खरा फायदा. आमचा मुलगा मैदानावर फार पडणारा नाही, त्यामुळे थांबलो.

किती थांबायचं, ते त्यांनी मानेवरून ठरवलं. बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेत मानेचे मणके दिसतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याचा आकार बघून वाढीच्या सहा पायऱ्या ठरवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या दरम्यान जबड्याची सगळ्यात जोरदार वाढ होते. हा एक्स-रे तारांच्या तपासणीसाठी तसाही काढावा लागतो, त्यामुळे वाढ बघायला मनगटाचा वेगळा काढावा लागला नाही. मी विचारलं होतं की त्याचे सुळे उशिरा येतायत, मग वाढही उशिरा असेल का. ते म्हणाले, दाताचं मूळ किती बनलंय यावरून दात कधी येईल ते कळतं, उंची कधी वाढेल ते त्यावरून पक्कं सांगता येत नाही. त्याला बारा वर्षं पूर्ण झाल्यावर मणके बदलले, तेव्हा ट्विन ब्लॉकची प्लेट बसवली. जेवतानाही घालतो. पहिला आठवडा त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, आता शाळेत कविता म्हणतो. थोरलीला याच वयात कुणी दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की तिचा खालचा जबडा मागे नव्हताच, दातच पुढे होते, म्हणजे तिला प्लेटचा उपयोग नव्हता.

थोरलीची उजवी जागा अजून थोडी उरली आहे. ती भरली की दोन्ही स्क्रू उलटे फिरवून काढायचे, त्याला बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही, आणि भोक आपोआप भरून येतं. त्यानंतर रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायची प्लेट किंवा तार. वरची प्लेट पॅकेजमध्ये आहे, खालच्या दातांमागे चिकटवायची तार वेगळी, हरवली किंवा तुटली तर दुसऱ्याचे किती, हे मी या वेळी काउंटरवर आधीच लिहून आणि सही घेऊन ठेवलंय.